ईशापूरची मस्केट आणि पेनसिल्व्हेनियातील खारी : एका खरेदीचे प्रकरण

पिट्सबर्गच्या परिसरात बरीच वर्षे वास्तव्य असलेल्या माझ्या एका मित्राने २०२२ च्या ऑगस्टमध्ये, जुन्या लष्करी हत्यारांच्या एका विक्री-प्रदर्शनातून, ३२० डॉलर मोजून एक बंदूक विकत घेतली. बंदुकीला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर ‘.४१० शॉटगन, ईशापूर, भारत’ एवढाच मजकूर होता. सप्टेंबरच्या मध्यास सुरू होणाऱ्या खारींच्या हंगामात ती वापरावी असा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात ती शिकारीला बाहेर पडायला नोव्हेंबर उजाडला, आणि तोवर आणखी १८५ डॉलर कारागिराच्या हाती गेले होते. खरेदीच्या वेळी मी बरोबर नव्हतो, पुढच्या बहुतेक टप्प्यांना होतो. चिठ्ठीवरचा आकडा खोटा नव्हता, तरीही त्या आकड्यावर विसंबून केलेली खरेदी फसली. ती कशी फसली हे कळण्यासाठी या बंदुकीचा जन्म कुठे आणि कशासाठी झाला इथपर्यंत मागे जावे लागते.

खरेदीदार मूळचा सिंधुदुर्गातला. त्याच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ती रानडुकरांना आणि माकडांना पिटाळण्यापुरतीच वाजत असे, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होत असे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यानंतर भारतात हौसेची शिकार संपली, त्यामुळे या माणसाने तरुणपणी बंदूक फक्त खुंटीवर पाहिली. पेनसिल्व्हेनियात राज्याचे शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करून त्याने रीतसर परवाना काढला तेव्हा तो पंचेचाळिशीत होता. सहकाऱ्यांबरोबर दोन हंगाम उसन्या बंदुकीवर काढल्यावर स्वतःची हवी असे त्याला वाटू लागले, आणि प्रदर्शनातल्या टेबलावर ‘भारत’ हा शब्द दिसताच त्याचा निर्णय, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘डोक्याने नव्हे, छातीने’ झाला.

कायद्याची बाजू सरळ होती, पण तात्पुरत्या व्हिसावरील वाचकांसाठी ती थोडक्यात नोंदवणे बरे. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावरील व्यक्तीने बंदूक विकत घेणे किंवा जवळ बाळगणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने निषिद्ध आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. खरेदीदाराकडे ग्रीन कार्ड असल्याने हा प्रश्न आला नाही. विक्रेता परवानाधारक होता, संघीय फॉर्म ४४७३ भरला गेला, राज्य पोलिसांच्या यंत्रणेकडून पूर्वेतिहासाची तपासणी झाली, आणि अर्ध्या तासात व्यवहार आटोपला. मला यातली खटकणारी गोष्ट अशी की, खरेदीदाराची एवढी कसून तपासणी झाली आणि बंदुकीची मात्र कोणीच केली नाही.

आता बंदुकीविषयी. कलकत्त्याजवळच्या ईशापूर येथील रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ली-एन्फील्ड जातीच्या .३०३ रायफली मोठ्या संख्येने बनत होत्या. आपण ज्यांना ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणतो त्या याच. सैन्याच्या गरजेतून सुटलेल्या यांतील काही रायफली पुढे पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी बदलण्यात आल्या: नळी आट्यांची, म्हणजे आतून पीळदार खाचांची, न राहता गुळगुळीत झाली, तिचा व्यास .४१० इंच म्हणजे सुमारे साडेदहा मिलिमीटर झाला, आणि दहा काडतुसांचे मॅगझिन जिथे बसते ती पोकळी लाकडी ठोकळ्याने बुजवण्यात आली. परिणामी दर वेळी एकच काडतूस हाताने घालावे लागे. भारतातील अनेक राज्यांच्या पोलीस ठाण्यांत ‘मस्केट’ या नावाने वावरलेली बंदूक ती हीच.

रायफलीतून मुद्दाम कमी पल्ल्याचे हत्यार काढण्याची ही कल्पना जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती आट्यांच्या एन्फील्ड रायफली राहू द्यायच्या नाहीत असे सरकारने ठरवले आणि बाहेरून तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांना दिल्या. पोलिसांच्या हत्याराबाबत आणखी एक काळजी असते, ती म्हणजे शिपायाकडून बंदूक पळवली गेली तर काय. बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यांनी इजिप्तच्या पोलिसांसाठी केलेल्या बंदुकीला म्हणूनच बाजारात न मिळणारे खास काडतूस लागे, आणि तिच्या तिसऱ्या आवृत्तीत तर काडतूस पेटवणारी पिन त्रिशुळासारखी तीन टोकांची करून दुसरे काडतूस पेटूच नये अशी तजवीज होती. ईशापूरच्या मस्केटने निराळ्या वाटेने तेच साधले. तिचे काडतूस .३०३ च्याच पितळी पुंगळीचे होते, फक्त पुढची निमुळती मान काढून टाकून पुंगळी सरळ केलेली. म्हणजे नळी .४१० ची, पण नळीच्या मागचे, काडतूस जिथे बसते ते घर .३०३ च्या मापाचे. दुकानात मिळणारे .४१० चे प्लॅस्टिकचे काडतूस बुडाशी यापेक्षा जाड असते, त्यामुळे ते त्या घरात शिरत नाही.

प्रकरणाची गाठ इथे आहे. बारा बोअर म्हणताना आपण एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकी एकीचा व्यास सांगतो; .४१० हा तसला बोअर नसून सरळ इंचातले माप आहे. दोन्ही आकडे नळीचे वर्णन करतात, घराविषयी काहीच सांगत नाहीत. नव्या बंदुकीत हे चालून जाते, कारण नळीवरच ‘.४१०, ३ इंच’ असे घराच्या लांबीसह कोरलेले असते आणि सगळे कारखाने एकच मानक पाळतात. लष्करातून किंवा पोलिसातून निवृत्त झालेल्या बंदुकीला असले मानक लागू नसते.

अशी हत्यारे अमेरिकेत पोहोचली तीही टप्प्याटप्प्याने. १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी हत्यारांची आयात थांबली होती. १९८० च्या दशकात जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरती ती पुन्हा खुली झाली, आणि त्यानंतर ईशापूरच्या मालाने इथली दुकाने भरली. स्वस्तात मिळालेल्या या मस्केटींना दुकानातले काडतूस चालावे म्हणून अनेकांनी त्यांची घरे रीमरने, म्हणजे भोक आतून कोरून रुंद करणाऱ्या हत्याराने, मोठी करून घेतली. काहींचे काम चांगले झाले, काहींचे गॅरेजमध्ये बसून झाले. त्यामुळे आज एखादी मस्केट समोर आली तर तिचे घर मूळचे आहे, अडीच इंची केलेले आहे की तीन इंची केलेले आहे, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही.

प्रदर्शनात काय घडले ते खरेदीदाराच्या सांगण्यावरून लिहितो. त्याने पाहायच्या म्हणून ज्या गोष्टी पाहिल्या, त्या सगळ्या नीट पाहिल्या. दस्त्याच्या गळ्याशी असलेल्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’ म्हणजे सम्राट जॉर्जची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव आणि १९४२ हे साल होते. बोल्टच्या, म्हणजे घर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, मुठीमागचा क्रमांक नळीच्या क्रमांकाशी जुळत होता. लाकूड काळवंडले होते पण चिरलेले नव्हते. नळीत विजेरी धरून पाहिले तेव्हा बारीक खड्डे दिसले. पूर्वीच्या काडतुसांच्या टोपीतील, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागातील, क्षारांमुळे नळी अशी खाल्ली जाते, आणि छर्रे उडवणाऱ्या गुळगुळीत नळीत उथळ खड्ड्यांनी फारसे बिघडत नाही. नळी फुगल्याची खूण असलेले काळे कडे कुठे दिसले नाही. इथपर्यंत शंभरपैकी नव्वद गुण.

राहिलेले दहा गुण घराचे होते. प्रदर्शनात जिवंत काडतूस बंदुकीत घालून पाहण्यास मनाई असते, आणि ती योग्यच आहे. विक्रेत्याने त्याऐवजी टेबलावरच्या डब्यातून .३०३ ची एक उडवलेली रिकामी पुंगळी काढून घरात टाकून दाखवली. “बघा, व्यवस्थित बसते, बंदूक मूळची आहे,” असे तो म्हणाला, आणि पुढच्याच वाक्यात दुकानातले कोणतेही .४१० चालेल असेही म्हणाला. ही दोन विधाने एकाच बंदुकीबद्दल खरी असू शकत नाहीत. घर मूळचे असेल तर दुकानातले काडतूस जाणार नाही. दुकानातले जात असेल तर घर मूळचे नाही. विक्रेता फसवत होता असे मला वाटत नाही. पन्नास टेबलांच्या गर्दीत दोनशे बंदुका विकणाऱ्याला प्रत्येकीची कुंडली ठाऊक नसते. शिवाय ती पुंगळी घरात पडताना बुडाशी खुळखुळली होती, हे खरेदीदाराला नंतर आठवले. मूळ घरात .३०३ ची पुंगळी पुढे सैल आणि बुडाशी घट्ट बसायला हवी. बुडाशी खुळखुळणे म्हणजे कोणीतरी मागून रीमर फिरवला आहे, एवढा अर्थ त्या एका आवाजात होता.

त्या पुंगळीच्या बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरे होती. ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. विक्रेत्याला ती अक्षरे म्हणजे भारतातला कुठला तरी कारखाना एवढेच माहीत होते. पुण्यात चार वर्षे शिकलेल्या माणसावर त्यांचा काय परिणाम झाला असेल ते सांगायला नको. विक्रेत्याने पुंगळी त्याला फुकट देऊन टाकली.

घरी आल्यावर त्याने अडीच इंची काडतुसांच्या दोन पेट्या आणि प्लॅस्टिकची दोन नकली काडतुसे आणली, आणि त्या रात्री मला फोन केला. “अरे, आत जातच नाहीये. निम्मं जातं आणि अडकतं. बोल्टने दाबू का?” दाबू नकोस, एवढेच मी म्हणालो. ली-एन्फील्डच्या बोल्टची पकड जबरदस्त असते. तिच्या जोरावर जाड काडतूस अरुंद घरात कोंबता येईलही, पण कोंबलेले जिवंत काडतूस पूर्ण कुलूप लागण्याआधी पेटले तर तोंड बोल्टच्या मागेच असते. सुदैवाने त्याने फक्त नकली काडतूस वापरले होते, आणि ते त्याने पुढून सळई घालून काढले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही बंदूक एका वयस्क कारागिराकडे नेली. त्याने काही बोलण्याआधी घराचा साचा काढला. यासाठी सेरोसेफ नावाचा बिस्मथचा एक मिश्रधातू वापरतात; तो ७० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, म्हणजे चहाच्या पाण्याइतक्या उष्णतेवर वितळतो. कारागिराने नळीत पुढून कापडाचा बोळा सरकवून घराच्या किंचित पुढे बसवला, बंदूक शिकंजात उभी धरली, छोट्या पळीतून तो रस मागून ओतला, आणि तो गोठल्यावर पुढून लाकडी दांडीने हलकेच ठोकून रुपेरी कांडी बाहेर काढली. हा धातू आधी आकसतो आणि मग हळूहळू फुगत सुमारे तासाभराने घराच्या खऱ्या मापाला येतो, म्हणून मधल्या वेळात आम्ही कॉफी प्यायलो. तासाने मायक्रोमीटर लावला तेव्हा सगळे उघड झाले. मागचा जवळजवळ सव्वा इंच भाग आधुनिक .४१० च्या मापाचा होता; तिथे एक आडवी पायरी होती, बोटाला लागेल इतकी स्पष्ट; आणि पायरीच्या पुढे मूळचे, निमुळते होत जाणारे घर शाबूत होते. कोणीतरी रीमर घातला होता आणि अर्ध्यावर सोडून दिला होता. हात दुखले असतील, रीमर बोथट झाला असेल, किंवा त्या माणसालाच भीती वाटली असेल. निष्पन्न असे की ही बंदूक ना जुन्या काडतुसाची राहिली होती, ना नव्या.

पुढचा निर्णय सोपा नव्हता आणि त्यावर आमचे मतभेद झाले. बंदूक परत करणे हा पहिला मार्ग. पण पावतीवर ‘आहे त्या स्थितीत’ असे छापलेले होते आणि विक्रेत्याने फोनवर नम्रपणे तेच वाचून दाखवले. दुसरा मार्ग म्हणजे .३०३ च्या पुंगळ्या सरळ करून मूळ पद्धतीची काडतुसे स्वतः भरणे. घर अस्पर्श असते तर मी याच बाजूने बोललो असतो, कारण अस्पर्श मस्केटीत रीमर फिरवणे म्हणजे जुन्या वाड्याची नक्षीदार तुळई कापून ॲल्युमिनियमची खिडकी बसवण्यासारखे आहे. पण रुंद झालेल्या मागच्या भागात पितळी पुंगळीला आधार नाही. ती तिथे फुगेल, पायरीवर अडकेल, आणि एखाद्या वेळी फाटेल. उरला तिसरा मार्ग: सुरू झालेले काम नीट पुरे करणे.

आता अडीच इंच की तीन. खरेदीदाराचे म्हणणे, अर्धा औंस छर्ऱ्यांचे अडीच इंची काडतूस खारीला पुष्कळ झाले, तेव्हा घर तेवढेच करावे आणि धातू वाचवावा. कारागिराने त्याला एक न उडवलेले आणि एक उडवलेले तीन इंची काडतूस शेजारी ठेवून दाखवले. काडतुसाची छापील लांबी ही तोंडाची दुमड उलगडल्यानंतरची असते. न उडवलेले तीन इंची काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे जेमतेम अडीच इंचांचे दिसते आणि अडीच इंची घरात बिनबोभाट बसते. बार उडताना मात्र उलगडणाऱ्या तोंडाला पुढे जागा उरत नाही, ते नळीच्या वाटेत येते आणि दाब चढतो. आज ना उद्या कोणीतरी या बंदुकीत तीन इंची काडतूस घालणारच, म्हणून घर तीन इंची करायचे आणि वापरायचे मात्र अडीच इंची, असा तोडगा निघाला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय होता, आणि तो आम्हा दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

दाबाबद्दल घाबरण्यासारखे काही नव्हते. .४१० च्या तीन इंची काडतुसाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १३,५०० पौंड आहे, आणि ही यंत्रणा मुळात त्याच्या तिपटीहून अधिक दाबाच्या .३०३ साठी घडलेली आहे. तरीही रीमर फिरवण्याआधी कारागिराने घराभोवतीच्या भिंतीची जाडी मोजली. बोल्ट आणि काडतुसाची कडा यांतली फट त्याने वेगळी तपासली, कारण प्लॅस्टिकच्या काडतुसाची कडा .३०३ च्या कडेपेक्षा किंचित पातळ असते आणि या बंदुकीत काडतूस कडेवरच टेकते. काम झाल्यावर पहिले पाच बार त्याने बंदूक जुन्या टायरला बांधून, भिंतीआडून दोरीने चाप ओढून काढले. पाचही रिकामी काडतुसे बोटांनी चाचपून पाहिली. कुठे फुगवटा नव्हता आणि टोपीवरचा ठोका मध्यभागी होता.

ऑक्टोबरच्या शेवटी कागदावर नेम धरून पाहिला. अर्ध्या औंसात सहा नंबरचे साधारण ११० छर्रे मावतात. नळीचे तोंड जराही आवळलेले नसल्याने ते लवकर पसरतात. पंधरा यार्डांवर कागदातली खार सगळीकडून भोकाळली होती. पंचवीस यार्डांवर तिच्याभोवती तळहात मावेल एवढ्या रिकाम्या जागा होत्या, म्हणजे जनावर जखमी होऊन पळण्याची पुरेपूर सोय. त्याने अठरा पावलांची मर्यादा ठरवली. (आपल्या पाठीवर रामाची बोटे घेऊन हिंडणाऱ्या खारुताईची कल्पना मनात आणून हे वाचू नये, इथली करडी खार अर्ध्या किलोची असते आणि दिवसाला सहा मारण्याची राज्याची मुभा आहे.)

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही वेस्टमोरलंड काउंटीतील सरकारी शिकारभूमीत गेलो. नियमाप्रमाणे नारिंगी टोपी आणि बंडी चढवली होती. बंदूक चार किलोच्या घरात, टोकाशी संगीन लावण्याची बोंडी अजून शाबूत. ओकच्या झाडाखाली खारीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातात ती जरा विनोदीच दिसत होती. पहिली खार बारा पावलांवर, खोडाला चिकटलेली मिळाली. दुसरी तिसाच्या पुढे होती. त्याने बंदूक उचलली, क्षणभर धरली आणि खाली घेतली. त्या एका खारीचा मालवणी मसाल्यात सुका झाला, चौघांत दोन-दोन घास.

एवढे होऊनही ३२० अधिक १८५ डॉलरांत त्याला जे मिळाले, त्याहून हलकी, नेमकी आणि निर्धोक नवी एकनळी .४१० त्याच्या निम्म्या किमतीत मिळाली असती. तो हे मान्य करतो आणि बंदूक विकायला मात्र तयार नाही.

एक धोका शेवटपर्यंत आमच्या लक्षात आला नव्हता. डिसेंबरमध्ये त्याच्या घरी आलेल्या एका शिकारी सहकाऱ्याने कपाटातली ती बंदूक पाहून आनंदाने म्हटले, माझ्याकडे याच्या .३०३ गोळ्यांची अख्खी पेटी पडून आहे, पुढच्या वेळी घेऊन येतो. त्याची काही चूक नव्हती. बाहेरून ती शंभर टक्के थ्री-नॉट-थ्रीच दिसते, आणि तिच्या घरात .३०३ ची खरी गोळी सहज बसेल. सैल घरात पितळ फाटून त्याचा फुफाटा उडवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे आला असता. दुसऱ्याच दिवशी खरेदीदाराने कपाटाला नवे कुलूप लावले, आणि दस्त्याच्या उजव्या अंगाला, बोल्ट उघडताना नजर जाईल अशा जागी, दोन स्क्रूंनी पितळेची पट्टी बसवली. तिच्यावर इंग्रजीत कोरले आहे: ‘.४१० छर्रे, ३ इंच. .३०३ घालू नये.’ खाली बारीक अक्षरांत तेच मराठीत आहे, ते कोणासाठी हे मी विचारलेले नाही.